व्यायाम लक्षातच राहत नाही, मग तोल सुधारायचा कसा?

अनवाणी

आईला अल्झायमर आहे, सध्या मधला टप्पा. वय ७९. चालतेफिरते, पण वळायला गेली की पाय एकमेकांत अडकतात. खुर्चीत बसताना तर माझ्या पोटात गोळाच येतो, कारण खुर्चीपर्यंत नीट पोचायच्या आधीच ती अंग सोडून देते. अलीकडे पडण्याचे प्रकार वाढलेत. हाड मोडलेलं नाही, एवढंच नशीब.

घरी एक फिजिओथेरपिस्ट येऊन गेले. व्यायामांच्या चित्रांचा कागद हातात ठेवला, प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्या व्यायामाला आईने 'मला कशाला हे?' विचारलं आणि दुसऱ्याला उठून आत गेली. निघताना ते मला दाराशी म्हणाले, 'यांना सूचना समजत नाहीत, फार अपेक्षा ठेवू नका.'

सकाळी काय केलं ते ज्या माणसाला दुपारी आठवत नाही, त्याला तोलाचे व्यायाम शिकवण्यात अर्थ असतो का? की आता नुसतं घर सुरक्षित करायचं आणि सतत मागेमागे राहायचं? भाऊ म्हणतो, चालवूच नको, बसवून ठेव. ज्यांनी हे घरात निभावलंय किंवा ज्यांचा हा पेशा आहे त्यांनी सविस्तर लिहा. लांबलचक प्रतिसाद चालतील.

झिपरी

वाचतेय. आमच्या आजोबांचंही असंच काहीसं. शिवाय एक गंमत आहे, त्यांच्याशी चालता चालता बोललं की ते जागच्या जागी थांबतात, उत्तर देतात, मग परत चालू लागतात. घरात सगळे म्हणतात, किती आदबीने बोलतात! मला ते जरा विचित्र वाटतं.

रानजाई

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं बहुतेक काम ज्येष्ठांबरोबर असतं. 'सूचना समजत नाहीत' याचा अर्थ 'शिकता येत नाही' असा लावला की सगळा घोळ होतो.

आठवण एका प्रकारची नसते. काल काय झालं ते सांगणारी एक, आणि एखादी गोष्ट कशी करायची ते अंगात मुरवणारी दुसरी. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसावर १९५३ साली फिट्ससाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी जमवणाऱ्या मेंदूच्या भागाचा) बराचसा भाग काढला गेला आणि त्यानंतर त्याला नवं काही आठवेनासं झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि हे आपण आधी केल्याचं मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. अल्झायमरमध्ये नुकसान पसरत जातं, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात ही अंगात मुरलेली आठवण पुष्कळदा बरीच शाबूत असते. आमचं सगळं काम तिच्याच भरवशावर चालतं.

त्या कागदाची अडचण इथेच आहे. तो पहिल्या आठवणीला उद्देशून लिहिलेला आहे.

तुमच्या आईंच्या बाबतीत मी फक्त उठबस घेईन, बाकी काही नाही. रोज तीच खुर्ची, हात असलेली आणि न हलणारी. वेळ तीच, शब्द तेच. आधी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर यायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, हात खुर्चीच्या हातांवर, मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकून उठायचं. यातलं काहीही समजावून सांगायचं नाही. तुम्ही समोर दुसऱ्या खुर्चीत बसा आणि स्वतः करून दाखवा. तोंडाने दोनच शब्द, 'पुढे... उठू'. मग गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. मेंदूला ती सूचना पोचून पायापर्यंत जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण घाईने तीच सूचना वेगळ्या शब्दांत सांगतो. झालं, गाडी पहिल्यापासून सुरू.

'उठा' म्हटल्यावर न उठणारी माणसं 'ती खिडकी जरा उघडू या' म्हटल्यावर सहज उठतात, हे मी सतत पाहते. व्यायामाला कारण नसतं, खिडकीला असतं.

बसताना शिकवायची गोष्ट एकच. वळून मागे यायचं आणि पोटऱ्यांना खुर्ची लागेपर्यंत बसायचं नाही. पोटरीला खुर्चीचा स्पर्श हीच खूण. रोज तेच वाक्य म्हणा, 'खुर्ची लागली?' मग तिचे हात खुर्चीच्या हातांवर न्या आणि मग बसवा.

आणि चूक होऊ देऊन मग सुधारायची पद्धत इथे चालत नाही. आपण चुकतो, चूक लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी टाळतो. यांना चूक झाल्याचं आठवत नाही, पण चुकीची हालचाल अंगात बसते. म्हणून चुकायच्या आधीच हलका हात लावून योग्य हालचाल करवून घ्यायची.

अनवाणी

रानजाई, खूप आभार. 'दहापर्यंत मोजा' हे वाचून आमच्या घरात किती कलकलाट असतो ते जाणवलं. उठताना तीन माणसं तीन दिशांनी सूचना देत असतात.

पण नुसत्या उठबशीने तोल सुधारेल? की ते फक्त पायांच्या ताकदीसाठी?

रानजाई

ताकदही आणि तोलही. उठताना सगळा भार आधी पुढे आणि मग वर न्यावा लागतो, हे तोलाचंच काम आहे. पण पुढे जायला हवंच. एक स्पष्ट सांगते, खुर्चीत बसून हात वर-खाली केल्याने तोल सुधारत नाही. बसून केलेले व्यायाम सुरक्षित वाटतात म्हणून सगळीकडे तेच करवून घेतात. तोल सुधारायचा तर तोल थोडा ढळायला हवा, अर्थात सावरता येईल इतपतच.

उठबस जमली की ओट्याशी किंवा जड टेबलाशी उभं करायचं, मागे खुर्ची ठेवायची. उजवीकडच्या वस्तू उचलून डावीकडे ठेवायच्या. घड्या घालायचे कपडे असले तर उत्तमच. अंग आपोआप या पायावरून त्या पायावर जातं. मग ओट्याला धरून बाजूबाजूने चालणं, टाचा उचलणं. आधार हळूहळू कमी करायचा, आधी पूर्ण तळवा, मग बोटांची टोकं, मग एकच बोट. पावलं आधी लांब, मग जवळ, मग एक थोडं पुढे. अगदीच डळमळ असेल तर भिंतींच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा आणि समोर खुर्ची ठेवा. चारही बाजू बंद झाल्या की त्यांची भीती उतरते, आपलीही.

तुम्ही नेहमी बाजूला आणि किंचित मागे उभे राहा. एक हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर (चालवताना आपल्याला धरता यावं म्हणून त्यांच्या कमरेला बांधतात तो). दंड पकडू नका, पडताना खांदा निखळतो.

कावळोबा

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. 'व्यायामाने स्मृतिभ्रंश थांबतो' असले संदेश रोज येतात, आणि मग व्यायाम करवून घेता आला नाही म्हणून घरचे स्वतःला दोष देतात. इंग्लंडमध्ये डापा नावाची चाचणी झाली होती, २०१८ साली प्रसिद्ध झाली. ४९४ रुग्ण. जोरकस व्यायामाने अंगातली क्षमता थोडी वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. नंतर २०२३ मध्ये तिथलीच प्रेज्ड नावाची चाचणी, ३६५ जण, सुरुवातीच्या टप्प्यातले. वर्षभर घरी येऊन व्यायाम करवून घेतला, तरी रोजची कामं करण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. हेही धाग्यात असायला हवं.

रानजाई

असायलाच हवं, आणि मी हे दोन्ही घरच्यांना सांगते. डापाने विचारलेला प्रश्न बुद्धीचा होता. बुद्धीसाठी व्यायाम करवायचा असेल तर माझंही उत्तर 'त्यासाठी नको' असंच आहे.

तोलाचा प्रश्न वेगळा. स्वीडनमध्ये उमियो इथे वृद्धाश्रमांतल्या १८६ स्मृतिभ्रंशी लोकांना चार महिने उभं राहून, पायांवर भार घेऊन, बऱ्यापैकी कस लावणारे व्यायाम दिले. तुलनेसाठीच्या गटाला तितकाच वेळ बसून गप्पागोष्टी. चार महिन्यांनी व्यायामाच्या गटाचा तोल बर्ग मोजपट्टीवर चांगला होता (ही १४ कृतींची आणि ५६ गुणांची परीक्षा असते). व्यायाम थांबल्यावर आणखी तीन महिन्यांनी मोजलं तर तो फरक उरला नव्हता.

फिनलंडमध्ये २१० अल्झायमर रुग्ण आणि त्यांचे जोडीदार घेऊन वर्षभर अभ्यास झाला, निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एका गटाला घरी आणि दुसऱ्याला केंद्रात एकत्र, आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम, तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल. कार्यक्षमता तिन्ही गटांची घसरलीच, पण घरी व्यायाम केलेल्यांची हळू घसरली. आणि व्यायाम केलेल्या दोन्ही गटांत पडण्याचं प्रमाण कमी होतं.

प्रेज्डचा निकाल मला अजूनही खटकतो, नाकारता येत नाही. माझं मत असं की सुरुवातीच्या टप्प्यात, जिथे माणसं बऱ्यापैकी चालतीफिरती असतात, तिथे फरक दिसणं मुळातच अवघड असतं. पण हे माझं मत आहे, पुरावा नव्हे.

एवढं मात्र नक्की, कोर्स करून संपवायची ही गोष्ट नाही. थांबलं की जातं.

कावळोबा

मान्य. 'थांबलं की जातं' हे कुणी आधी सांगत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

सांजवेळ

माझ्या यजमानांना लुई बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. त्यातलं वेगळेपण सांगते, कारण सगळे एकाच मापाने मोजले जातात.

यांचा तोल मागे जातो. उभे केले की टाचांवर भार, अंग मागे रेललेलं. दोन्ही हात धरून पुढे ओढलं की हे आणखी जोराने मागे रेलायचे. मला वाटायचं हट्ट करताहेत. आमच्या फिजिओबाईंनी सांगितलं की ओढलं की शरीर उलटा जोर लावतंच, तो हट्ट नाही. त्यांनी यांच्यासमोर टेबल ठेवलं आणि त्यावरची वस्तू पुढे वाकून घ्यायला लावली. हात पुढे गेले की भार आपोआप पुढे येतो. आता मी हात ओढत नाही, तळवा वर करून समोर धरते आणि त्यांना त्यावर हात ठेवू देते.

दुसरं म्हणजे दिवसातले चढउतार. सकाळी ठीक असतात आणि दुपारी पाऊल उचलत नाहीत. ज्या तासाला अंगात असतात त्याच तासाला करायचं, नाहीतर त्या दिवशी सोडून द्यायचं.

तिसरं रक्तदाब. उभे राहिले की एकदम खाली येतो. व्यायामाच्या आधी पलंगाच्या कडेवर थोडा वेळ बसवून पाय हलवून घेते.

आणि भास होतात म्हणून दिलेल्या मानसिक आजाराच्या काही गोळ्या या प्रकारात फार वाईट लागू पडतात. माणूस ताठरतो, कोसळतो. डॉक्टरांना आजाराचा प्रकार आठवण करून द्यायला लाजू नका.

बोरूबहाद्दर

सांजवेळ यांना अनुमोदन. आयुष्य औषधांच्या काउंटरमागे गेलं, म्हणून गोळ्यांवर लिहितो.

तोलाचे व्यायाम सुरू करण्याआधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करा आणि डॉक्टरांसमोर बसा. झोपेच्या गोळ्या, चिंतेच्या गोळ्या, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या धाटणीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी रोखून धरायच्या काही गोळ्या, काही नैराश्यावरच्या. यांतल्या अनेकांनी तोल आणि डोकं दोन्ही मंदावतात. सर्दीची गोळी तर कुणी औषधात मोजतच नाही! स्मृतिभ्रंशासाठी देतात त्या डोनेपेझिलने काही जणांची नाडी मंदावते आणि भोवळ येते. म्हणजे 'पडल्या' असं आपण म्हणतो ते कधीकधी 'शुद्ध हरपली' असतं. पडण्याआधी नेमकं काय झालं ते पाहणाऱ्याने लिहून ठेवा.

रक्तदाब आडवं असताना मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. झोपेची गोळी तर अचानक मुळीच नाही.

अवांतर: पायाची नखं बघा. मी गंमत करत नाहीये.

झिपरी

माझा प्रश्न राहिला का? आजोबा बोलताना थांबतात तो.

रानजाई

राहिला, आणि प्रश्न फार चांगला आहे. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख आला होता, संशोधक उमियोचेच. चालताना गप्पा सुरू केल्यावर जी वृद्ध माणसं थांबली, त्यांतली बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडली. निरोगी माणसाचं चालणं बरंचसं आपोआप चालतं. मेंदूला त्याकडे लक्ष द्यावं लागायला लागलं की बोलण्यासाठी लक्ष शिल्लक राहत नाही. आजोबा थांबतात म्हणजे त्यांचा मेंदू शहाणपणाने चालणं बाजूला ठेवतो. पण असं थांबावं लागणं हीच पडण्याच्या धोक्याची खूण आहे. न थांबता दोन्ही एकदम करू बघणाऱ्यांनाही धोका असतोच.

म्हणून रोजच्या व्यवहारात वळताना, पायरीवर आणि बाथरूममध्ये त्यांच्याशी बोलायचं नाही. मागून हाक तर मुळीच नाही. ते मान वळवतात आणि मानेबरोबर अंग जातं.

आजार सौम्य असेल तर उलट सरावही करता येतो. चालता चालता जुनं पाठ असलेलं गाणं म्हणायचं, मग हातात वस्तू घेऊन चालायचं. हे कुणीतरी शेजारी असतानाच. मधल्या टप्प्यापुढे मी याच्या वाटेला जात नाही, तिथे विक्षेप कमी करणं हाच उपचार.

एकदा त्यांना कुणा चांगल्या डॉक्टरांना दाखवून घ्या मात्र.

उंबरा

सासूबाईंसाठी घरात केलेले बदल थोडक्यात. गडद रंगाचं पायपुसणं काढलं, त्यांना तो खड्डा वाटायचा आणि त्यावरून उडी मारायला जायच्या. चकचकीत फरशी ओली वाटायची म्हणून लांब पावलं टाकायच्या, तिथली झगमग कमी केली. कमोडची सीट पांढऱ्यावर पांढरी होती, गडद रंगाची बसवली तेव्हापासून अंदाज चुकत नाही. रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवे आणि संडासाचं दार उघडं, म्हणजे आत काय आहे ते दिसतं. मागे पट्टी असलेल्या, टाच धरून ठेवणाऱ्या चपला. चष्मा दूरचा वेगळा आणि वाचायचा वेगळा, कारण दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते.

आणि सगळ्यात जास्त फरक कशाने पडला? ठरावीक वेळी आपणच संडासला नेण्याने. पडण्याची निम्मी कारणं 'घाईची लागली' हीच होती आमच्याकडे.

अनवाणी

उंबरा, खड्ड्याचं वाचून थक्क झाले! आई उंबऱ्याशी येऊन अडते तिथे नेमकी गडद पट्टी आहे.

भावाने हा धागा वाचला. त्याचं म्हणणं आहे की एवढ्या सगळ्या जोखमीपेक्षा खुर्चीला पट्टा लावून बसवलेलं बरं. त्याला मी काय सांगू?

सांजवेळ

त्यांना दोन दिवस स्वतः तसं बसून बघायला सांगा.

रानजाई

सांजवेळ, हे मी असंच सांगितलं असतं, पण पेशा आडवा येतो.

गंभीरपणे सांगायचं तर बांधून ठेवल्याने इजा कमी होतात असा अनुभव नाही. माणूस सुटायची धडपड करतो आणि खुर्चीसकट पडतो. न बांधता नुसतं बसवून ठेवलं तरी मांड्यांची ताकद झपाट्याने जाते. म्हातारपणी अंथरुणाला खिळलेले थोडे दिवससुद्धा महाग पडतात. मग संडासला नेताना दोन माणसं लागतात आणि तेच भावाच्या वाट्याला येतं. जोखीम शून्य होत नाही. तुम्ही ती कुठे पत्करायची ते ठरवता, ओट्याशी कुणी शेजारी असताना की मध्यरात्री एकटं असताना.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला ६५ वर्षांपुढच्या सर्वांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीच्या हालचालींचा आहे. स्मृतिभ्रंश झाला म्हणून तो बाद होत नाही.

कावळोबा

पुन्हा एक विरोधी प्रश्न. तोल गेला की सगळं स्मृतिभ्रंशावर ढकलायचं, असं तर होत नाही ना?

रानजाई

होतं, आणि सर्रास होतं. हा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता.

तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर उभा असतो. डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. मेंदू ती जुळवतो. जुळवणारा थकलेला असताना तिघांपैकी एकही खोटं बोलायला लागला तर चालत नाही. मधुमेहात तळपाय बधिर होतात, मोतीबिंदूने नजर जाते. ब जीवनसत्त्व १२ कमी झालं तर पायांची जाणीव आणि स्मरण दोन्ही बिघडतात, आणि रक्ताच्या तपासणीत ते कळतं.

कानाचं तर हमखास निसटतं. आतल्या कानातले बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत गेले की कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद गरगरतं. आपण सांगू की गरगरतंय. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती फक्त पलंगाची कड घट्ट धरते, ओरडते, आडवं व्हायला नकार देते, आणि तिच्या नावावर 'चिडचिड' असं लिहिलं जातं. डोकं ठरावीक क्रमाने वळवून हे खडे परत जागेवर आणता येतात. बऱ्याचदा एकदोन बैठकीत काम होतं. माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

पावलं जमिनीला चिकटल्यासारखं चालणं, लघवीवर ताबा नसणं आणि विसराळूपणा ही तिन्ही एकत्र आली, त्यातही चालणं आधी बिघडलं असेल, तर मेंदूतल्या पाण्याचा निचरा नीट होत नसण्याची शक्यता असते. काही जणांना त्यावर शस्त्रक्रियेने फरक पडतो. मेंदूचे डॉक्टर स्कॅन बघून ठरवतील.

आणि ज्यांचं चालणं दोनतीन दिवसांत अचानक ढासळलं, त्यांना व्यायाम नको, डॉक्टर हवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कुठेतरी न सांगता येणारं दुखणं, यांतलं काहीही असू शकतं.

बोरूबहाद्दर

यात एक भर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच दाखवा. डोक्यात हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनीसुद्धा त्रास देतं. 'हल्ली फार झोपतात' एवढंच लक्षण असतं.

अनवाणी

पडल्यावर उचलायचं कसं? मी घाबरून काखेत हात घालून ओढते.

रानजाई

आधी उचलायचंच नाही. शेजारी जमिनीवर बसा, श्वास घेऊ द्या. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय का, मांडीच्या सांध्यात दुखतंय का, डोकं लागलंय का बघा. शंका असेल तर हलवू नका, मदत बोलवा, पांघरूण घाला.

सगळं ठीक असेल तर त्यांना कुशीवर वळवा, मग हातागुडघ्यांवर आणा. समोर भक्कम खुर्ची, हात बैठकीवर. ताकदीचा पाय पुढे, पाऊल जमिनीवर टेकलेलं, आणि वर. पाठीमागे दुसरी खुर्ची सरकवा. तुमचं काम दिशा देण्याचं, वजन उचलण्याचं नाही. जमत नसेल तर दुसऱ्या माणसाची वाट बघा, तुमची पाठ गेली तर दोघी अडकाल.

झिपरी

आजोबांसाठी वॉकर आणला तर? घरच्यांचं तेच चाललंय.

रानजाई

फिजिओने बघितल्याशिवाय नको. वॉकर चालवणं हेही एक शिकायचं काम आहे. उचलायचा, टेकायचा, मग पाऊल, वळताना पुन्हा तेच. ज्यांचं लक्ष आधीच पुरत नाही त्यांच्यावर हे ओझंच होतं, आणि बरेच जण तो खोलीत विसरून निघतात. आयुष्यभर काठी वापरलेल्या माणसाला काठी छान जमते कारण ती अंगात आहे. वॉकर द्यायचाच तर आजार वाढायच्या आधी, म्हणजे सवय लागायला वेळ मिळतो. चाकांचा बऱ्याचदा सोपा पडतो कारण उचलावा लागत नाही, पण मागे रेलणाऱ्यांच्या आणि घाईने चालणाऱ्यांच्या हातून तो पुढे पळतो. उंची मनगटाच्या घडीइतकी, हात खाली सोडून उभं राहिल्यावर.

अनवाणी

सगळ्यांचे प्रतिसाद छापून भावाला दिलेत. पट्टा लावून बसवायचा विषय त्याने सोडला, चालवण्याबद्दल अजून कुरकुरतोय. उठबस सुरू केली आहे. व्यायाम हा शब्दच काढत नाही, कपड्यांच्या घड्यांना बोलावते. संध्याकाळी ती फार अस्वस्थ असते म्हणून आता सकाळी करतो. काही दिवस साफ नाही म्हणते, तेव्हा काय करू? आणि कमरेचा पट्टा मागवायचाय, त्याचं माप कसं घ्यायचं?

रानजाई

नाही म्हणाली की विषय सोडा, खोलीतून बाहेर जा, पंधरावीस मिनिटांनी नव्याने आल्यासारखं या. तिला आधीचा नकार बहुधा आठवत नसतो. दुसऱ्यांदाही नाही म्हणाली तर त्या दिवशी संडासला जाता-येताना होणाऱ्या उठबशीच नीट करवून घ्या, त्याही मोजल्या जातातच.

माप कपड्यांवरून, बेंबीच्या पातळीला. घट्ट केल्यावर तुमची दोन बोटं आत जायला हवीत. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा नळी वगैरे असेल तर आधी विचारा. आणि पट्टा धरून वर ओढायचं नाही हं, तो फक्त तोल गेला तर धरायला.

अनवाणी

शस्त्रक्रिया नाही काही. घेते माप.